निवांत स्थानकाची सेवा : पाचोरा–जामनेर छोट्या रेल्वेच्या निमित्ताने

‘स्वयंसेवक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फावडे, घमेले आणि श्रमदानाने तयार होणारा रस्ता येतो. ते स्वाभाविकच आहे. १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि तेव्हापासून महाविद्यालयीन सेवेचे हेच चित्र आपल्या परिचयाचे झाले. परंतु जेथे गाडी येत नाही, उतारू नाहीत, घंटाही वाजत नाही अशा एखाद्या जुन्या रेल्वे स्थानकाची सेवा करावयाची झाल्यास स्वयंसेवकाने नेमके काय करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न कोठल्या दूरदेशीचा नाही. आपल्या शेजारच्या पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने तो आपल्या दारात आणून ठेवला आहे.

पी. जे. ची ओळख

भडगाव शहराला रेल्वे नाही. तालुक्यातील कजगाव मुख्य लोहमार्गावर आहे. एरवी आपण एस. टी. ने पाचोरा गाठतो आणि तेथून गाडी धरतो. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच दशकात लोहमार्ग खानदेशात आला. तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी भाव आला. खानदेशच्या काळ्या जमिनीला त्याचा लाभ झाला. परंतु रेल्वे ज्या गावांवरून गेली त्या गावांची सोय झाली. आतल्या गावांचा कापूस मात्र बैलगाडीनेच स्थानकापर्यंत येत राहिला.

ही उणीव भरून काढण्यासाठी मुख्य मार्गाला जोडणारे छोटे फाटे निघाले. पाचोरा–जामनेर रेल्वे त्यांपैकीच एक होय. १९१८-१९ च्या सुमारास ती सुरू झाली. एकूण लांबी ५६ किलोमीटर. वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी स्थानके. लोकांनी तिला ‘पी. जे.’ हे सुटसुटीत नाव दिले आणि तेच रूढ झाले. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला जाणारे भाविक, पाचोऱ्याच्या बाजाराला निघालेले शेतकरी, दवाखान्याची, कचेरीची, शाळा-कॉलेजची माणसे या गाडीने ये-जा करीत.

तिचे रूळ छोटे का, हे समजून घेण्यासारखे आहे. मुख्य मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, तर पी. जे. चे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रूळ जवळ असले की गाडी लहान व हलकी होते, वळणे तीव्र चालतात, भराव आणि पूल यांचा खर्च कमी येतो. आपल्या महाराष्ट्रात याच मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली होती आणि तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी स्वस्तात उत्तम रेल्वे कशी बांधता येते हे जगाला दाखविले होते. पण या स्वस्ताईची किंमतही होती. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून जामनेरकडून आलेला माल पाचोऱ्याला उतरवून पुन्हा मोठ्या डब्यात भरावा लागे. मालमोटारी रस्त्यावर आल्यावर ही दुहेरी हमाली छोट्या रेल्वेला नडली.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील गाड्या थांबल्या, त्यात पी. जे. ही थांबली. इतर गाड्या हळूहळू पूर्ववत झाल्या; ही छोटी गाडी मात्र पुन्हा धावली नाही. २०२२ मध्ये हा मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर, नेण्याच्या कामाला मंजुरी मिळाली.

स्थानक म्हणजे काय?

सेवा करावयाची तर ज्याची सेवा करावयाची ती वस्तू कोणती, हे आधी ठरविले पाहिजे. स्थानक म्हणजे चार भिंती आणि फलाट एवढेच असते तर रंगसफेदी करून आपले काम संपले असते. वास्तविक स्थानक म्हणजे ठरावीक वेळी, ठरावीक माणसांनी, ठरावीक रीतीने करावयाच्या कामांचा एक संसार आहे.

उदाहरणार्थ, जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट घ्या. ते लाकडी कप्प्यांतून क्रमाने काढावयाचे, यंत्रात दाबून त्यावर तारीख उमटवावयाची आणि दिवसाच्या शेवटी पहिल्या व शेवटच्या तिकिटाच्या क्रमांकांवरून हिशेब जुळवावयाचा. ही पद्धत इंग्लंडमधील टॉमस एडमंडसन याने एकोणिसाव्या शतकात काढली आणि साऱ्या जगाने ती उचलली. स्थानकाच्या पाटीवर गावाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती एक दांडी किंवा गोळा देण्याची रीत असे. ती वस्तू हाती आल्यावाचून गाडी पुढे न्यावयाची नाही, असा दंडक. मालाचा काटा, सांधा बदलण्याचा खटका, फाटकाची साखळी, अशा प्रत्येक वस्तूमागे एक काम आहे आणि प्रत्येक कामामागे ते जाणणारा माणूस आहे.

वस्तू संग्रहालयात जाऊ शकते. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून हे कार्य करीत आहे. कित्येक ठिकाणी कचेरीपुढे चौथऱ्यावर जुने इंजिन उभे केलेले आपण पाहतो. पण ते इंजिन पहाटे किती वाजता पेटवीत, कोण पेटवी, हे चौथरा सांगत नाही. ते सांगणारी माणसे गावोगावी आहेत आणि ती वृद्ध झाली आहेत.

इतरांनी काय केले?

स्वयंसेवकांनी जुनी रेल्वे वाचविण्याचा पहिला प्रयोग ब्रिटनमधील वेल्स प्रांतात झाला. टॅलिलिन ही दगडी पाट्यांच्या खाणीसाठी १८६५ साली बांधलेली छोटी रेल्वे. १९५० मध्ये तिचे मालक वारले आणि ती बंद पडणार असे दिसू लागले. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा भरवून मंडळ स्थापन केले आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर गाडी पुन्हा चालू केली. कारकून, शिक्षक, कारागीर सुटीच्या दिवशी येऊन रुळांतले गवत काढीत, तिकिटे देत, स्लीपर बदलीत.

आपल्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण वेल्समधीलच वेल्शपूल–लानफेअर रेल्वेचे आहे, कारण तिचे मापही पी. जे. प्रमाणे अडीच फुटांचेच. १९०३ साली ती सुरू झाली, १९३१ मध्ये उतारूंची गाडी आणि १९५६ मध्ये मालगाडी बंद झाली. १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी ती पुन्हा सुरू केली. पुढे डबे कमी पडले तेव्हा त्यांनी आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या बंद पडलेल्या रेल्वेचे डबे आणले. माप एकच असल्याने ते तेथे चालू शकले!

ही उदाहरणे स्फूर्तिदायक असली तरी ती जशीच्या तशी आपल्याला लागू पडणार नाहीत. आपल्याकडे रेल्वे शासनाची आहे. गाडी चालविणे हे स्वयंसेवकाचे काम नाही. इतकेच काय, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हाही गुन्हा आहे. मग आपल्या वाट्याला काय उरते? माझ्या मते जे उरते तेच अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे माहितीची सेवा.

आमचा अल्पसा प्रयत्न

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चौघे विद्यार्थी या मार्गावरील एका छोट्या स्थानकाच्या गावी काही दिवस जाऊन राहिलो. माहिती देणाऱ्यांच्या इच्छेनुसार गावाचे व माणसांचे नाव येथे देत नाही. रेल्वेच्या हद्दीबाहेर राहून, पारावर, ओट्यावर, चहाच्या टपरीवर बसून आम्ही वृद्धांना प्रश्न विचारले आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतली.

पहिला अनुभव भाषेचा. पाचोऱ्याच्या बाजूची माणसे ‘गाडी उनी’ असे अहिराणीत सांगतात. जामनेरकडे सरकावे तसतशी तावडी बोली सुरू होते. प्रमाण मराठीत लिहून घेतले असते तर वही नीटनेटकी दिसली असती, पण बोलणारा माणूस तिच्यातून निघून गेला असता. म्हणून आम्ही बोलीतला शब्द तसाच ठेवला आणि अर्थ समासात लिहिला.

दुसरा अनुभव परस्परविरोधी माहितीचा. एका बाबांनी सांगितले की परीक्षेच्या दिवसांत एखादा विद्यार्थी धावत येताना दिसला तर गाडी त्याच्यासाठी थांबत असे. रेल्वेत नोकरी केलेले दुसरे काका हे ऐकून रागावलेच. “सुटण्याची वेळ गार्डच्या वहीत लिहावी लागे. अशी कशी थांबेल गाडी?” असे ते म्हणाले. खरे कोणाचे? आम्ही दोघांचेही लिहून घेतले. उशिराची नोंद करणाऱ्याला जे नियमाविरुद्ध वाटते ते धावत आलेल्या मुलाच्या आठवणीत उपकार म्हणून राहते. अभ्यासकाला या दोन्ही गोष्टी हव्यात.

तिसरा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो. निवृत्त झालेले एक कीमन भेटले. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या रोज पायी चालत तपासणे हे कीमनचे काम. हातोडी मारून आवाजावरून सैल चावी ओळखतात, हे त्यांनी सांगितले. ‘म्हणजे आवाज कसा?’ असे आम्ही विचारले. त्यांना शब्द सापडेना. मग ते उठले, गोठ्यातून एक जुनी पहार आणली, एकदा ती दगडात घट्ट रोवून तिच्यावर हातोडी मारली आणि एकदा ढिली धरून मारली. पहिला आवाज खणखणीत, दुसरा बसका. ‘हा ऐकू आला की थांबायचं,’ ते म्हणाले. त्यांच्या मुलांपैकी कोणी रेल्वेत नाही आणि आजवर त्यांना कोणी हे विचारलेही नव्हते. सुटी संपण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्यांना वारून आठ दिवस झाले होते. पावसाळ्यात गस्त कशी घालीत, पूल कसा तपाशीत, हे आमचे प्रश्न वहीत अद्याप कोरेच आहेत.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, जुन्या गाडीचा गोडवा गाणे म्हणजे नव्या रुंद मार्गाला विरोध करणे होय. मला तसे मुळीच वाटत नाही. जामनेर-शेंदुर्णीच्या मुलाला थेट मोठ्या गाडीत बसता यावे, शेतकऱ्याच्या मालाची दुहेरी हमाली टळावी, ही मागणी न्याय्य आहे. बार्शी लाइटचा मार्ग रुंद झाल्याने पंढरपूरच्या वारकऱ्यांची सोयच झाली. पण रूळ बदलताना जुन्याची नोंद ठेवू नये असे कोठे आहे? उलट काम जसजसे पुढे जाईल तसतशी खुणा पुसण्याची गती वाढेल, म्हणून नोंद आधी झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप, हे काम पुरातत्त्व खात्याचे आहे. १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट आहे आणि पी. जे. ने शंभरी ओलांडली आहे हे खरे. पण वयाने शंभर झालेली प्रत्येक वास्तू आपोआप संरक्षित होत नाही. आणि संरक्षण मिळाले तरी ते दगडविटांना मिळेल. कीमनच्या कानाला कोणते खाते संरक्षण देणार?

तिसरा आक्षेप पैशाचा. या कामाला एक वही, एस. टी. चे भाडे आणि ऐकण्याचा धीर एवढेच भांडवल लागते.

पुढे काय करावे?

महाविद्यालयाच्या सेवा योजनेच्या पथकाने व इतिहास, मराठी, भूगोल या विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. (१) प्रत्येक स्थानकाच्या गावी दोन विद्यार्थी नेमावेत व वृद्धांच्या मुलाखती बोलीतच उतरवून, शक्य तेथे ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. (२) जुनी तिकिटे, पास, वेळापत्रके, छायाचित्रे यांची नोंद करावी. वस्तू मालकाकडेच राहू द्यावी, प्रत आपण घ्यावी. (३) रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे रीतसर अर्ज करून हद्दीतील मोजमापे व रेखाटने करण्याची परवानगी मागावी, आणि एखादे छोटे स्थानक त्याच्या पाटी-काट्यासह राखून ठेवण्याची विनंती करावी. (४) जमलेली सर्व माहिती ग्रंथालयात सर्वांसाठी खुली ठेवावी.

यांपैकी तिसरे काम इतरांच्या होकारावर अवलंबून आहे. बाकीची तीन उद्या सकाळी सुरू होऊ शकतात. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ पी. जे. च्या मार्गावर आहे. दिवाळीच्या सुटीत तेथे जाल तेव्हा आजोबांना, मामांना, शेजारच्या निवृत्त गँगमनला विचारा, आणि ते जे सांगतील ते तारीख घालून लिहून आणा. आमची वही ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यात पुष्कळ पाने कोरी आहेत.