पेजेवर भागत नाही

आजारातून उठलेल्या माणसाला काय खायला द्यायचं, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं असतं. भाताची पेज, वरणावरचं पाणी, शहाळं, साबुदाण्याची लापशी. पोटाला हलकं, पचायला सोपं. वजनाचं ऑपरेशन करून मी घरी आले तेव्हा माझ्यासाठीही हाच बेत तयार होता आणि तो करणाऱ्या सगळ्यांचा माझ्यावर जीव होता. पण जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या माणसाला हे खाणं पुरत नाही. त्यावरच दिवस काढले तर ते अंगावर येतं. ऑपरेशन करावं की करू नये, यावर मत देणारे गल्लोगल्ली भेटतात. ऑपरेशननंतर स्वयंपाकघरात नेमकं काय करायचं, हे सांगणारं मात्र कुणी भेटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी साताऱ्याची, ऑपरेशन पुण्यात झालं. मधुमेह, दुखरे गुडघे, झोपेत श्वास अडकणं, सगळंच होतं. २०१७ साली वजनाच्या ऑपरेशनसाठी इजिप्तहून मुंबईत आणलेल्या प्रचंड लठ्ठ इमान अहमदची बातमी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, त्यामुळे भेटायला येणारा जो तो त्याच मापाने मला तोलायचा. ‘पण तू तर एवढी जाड नव्हतीस गं!’ हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी उत्तर द्यायचं सोडून दिलं.

माझं ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. तिच्यात मावतं १०० ते १५० मिली, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. काढलेल्या भागाबरोबर भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारा भागही बराचसा जातो, त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. लोकांना ही मोठी पर्वणी वाटते. मला विचाराल तर खरा धोका इथेच आहे. भूक आठवण करून देत नाही, पोटात मावतं वाटीभर आणि त्या वाटीत पेज! शरीर मग चरबीबरोबर स्नायूही जाळायला लागतं. काट्यावर वजन उतरताना दिसतं म्हणून घरचे खूश आणि आपल्याला जिना चढवत नाही.

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. आता आपल्या पथ्याच्या ताटाचा हिशेब करून बघा. पेजेच्या वाटीत प्रोटीन एखाद-दुसरा ग्रॅम. शहाळ्याच्या पाण्यात नावापुरतं. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळीचा रंग असतो, डाळ नसते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, वर चिकट, अरुंद नळीत अडकून बसणारा. उलट एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, पेलाभर दुधात ६ ते ७, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम. दोन अंडी, पनीर, दूध आणि वरण असं सगळं धरलं तरी ३५ च्या आसपासच गाडी अडते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत व्हे प्रोटीनची पावडर लागतेच. एका मापात २० ते २५ ग्रॅम मिळतं. आमच्याकडे ‘पावडरी कसल्या खातेस, त्या जिमवाल्या पोरांच्या’ असं झालंच. मी डाएटिशियनताईंना फोन लावला आणि तो सरळ सासूबाईंच्या हातात दिला. अशी कामं आपण करू नयेत.

आणि मग सासूबाईंनीच तोडगा काढला. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगायची त्यांची जुनी सवय. साखर न घालता तो चक्का त्यांनी मला चमच्याने दिला, वर चिमूटभर जिरेपूड आणि मीठ. पाणी निथळून गेल्यामुळे चक्क्यात प्रोटीन दाट होतं, तो घशाखाली सहज उतरतो आणि चवीलाही बरा. पुढे त्यांनी पिठलं पातळसर करून, मिरची-लसणाची फोडणी न देता, गाठी राहू नयेत म्हणून गाळून द्यायला सुरुवात केली. मऊ खाण्याच्या टप्प्यात पिठल्यासारखं दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत आहे. मुगाचं वरण शिजवून मिक्सरला फिरवायचं, त्यात दूध पावडर घालायची. मासे चालत असतील तर ताजे बोंबील, वाफवून, काटा काढून. अंड्याची भुर्जी ओलसर हवी, कोरडी झाली की छातीत बसते.

टप्पे साधारण असे असतात: पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेली सुपं, मग दोनेक आठवडे दूध-ताक-प्रोटीन असं पातळ, पुढचे दोन आठवडे वाटलेलं, त्यानंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं जेवण. तुमच्या हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर याहून वेगळं लिहिलं असेल तर तोच कागद खरा. फ्रिजवर चिकटवून ठेवा, म्हणजे पाहुण्यांशी वाद घालावा लागत नाही. स्टेपलची रेघ आतून भरून यायला वेळ लागतो. ‘मला काही होत नाही’ म्हणून दहाव्या दिवशी पोळी मोडून खाणारी माणसं मी फॉलोअपच्या बाकावर पाहिली आहेत.

पाण्याचं वेगळंच. ओंजळभर पाणी घटाघटा पिणं संपलं. हॉस्पिटलमध्ये औषधाचा ३० मिलीचा छोटा कप देतात, तो घरी घेऊन या. दर १५ मिनिटांनी एक कप, घोट घोट करत. तासाला १२० मिली झालं, जागेपणीच्या १४ तासांत पावणेदोन लिटरच्या जवळ जातो. साताऱ्याच्या उन्हाळ्यात मी मोबाईलवर गजर लावून पाणी प्यायले. जेवताना मात्र पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. नळी लहान, पाण्याने भरली की अन्नाला जागा राहत नाही.

आता जपायच्या गोष्टीकडे येते. हे माझ्यावर बेतलं होतं.

साधारण दीड महिन्याने मला उलट्या सुरू झाल्या. मऊ अन्न, मग पातळ, शेवटी पाणीसुद्धा परतायला लागलं. ‘सुरुवातीला होतंच असं’, ‘घाईने खाल्लं असशील’, ‘पित्त झालं असेल’, असं सगळ्यांनीच सांगितलं. माझ्याआधी ऑपरेशन झालेल्या एका ओळखीच्या बाईंनीही. तळपायाला मुंग्या यायला लागल्या, भिंतीला धरून चालावं लागलं. घराजवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा बघून ग्लुकोजचं सलाइन लावायची तयारी केली. सुदैवाने त्याआधी माझ्या नवऱ्याने पुण्याला फोन केला. तिकडून पहिलंच वाक्य आलं: ग्लुकोज थांबवा, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो, दोन-तीन आठवडे उलट्या झाल्या की तो संपतो. साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. दुहेरी दिसणं, तोल जाणं, विसंगत बोलणं ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. आमच्या डॉक्टरांनी लगेच ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. पुढे पुण्यात एंडोस्कोपी केली तेव्हा नळी वळणाशी आवळली गेल्याचं दिसलं. फुग्याने रुंद केली आणि उलट्या थांबल्या.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असू द्या: वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सलग उलट्या होत असतील तर ते पित्त समजायचं नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात सलाइन लावण्याआधी ‘यांचं बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालंय, थायमिन द्याल का’ हे विचारायचंच. मी पर्समध्ये तशी चिठ्ठी ठेवते, ऑपरेशनचं नाव आणि सर्जनच्या फोनसकट.

पहिल्या काही दिवसांतली धोक्याची लक्षणं निराळी. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो चालल्यावर कमी होतो. पण नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी असं दिसलं तर शिवणीतून गळती होत असण्याची शंका घ्यायची. पोटरी सुजली, दम लागला तर रक्ताच्या गुठळीची. दोन्हीत घरी थांबून ओवा-हिंग देत बसायची वेळ नसते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी घरी ग्लुकोमीटर ठेवावा. साखर फार लवकर उतरते, जुनाच डोस चालू राहिला तर चक्कर येऊन पडाल. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, मनाने बंद करू नका.

गोळ्या आयुष्यभराच्या. ऑपरेशनआधी खर्चाचं पॅकेज सांगतात तेव्हा हा खर्च कुणी त्यात धरत नाही, याचा मला राग आहे. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी-३ आणि कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटच मागा. आपल्या जठरात आता आम्ल कमी, त्यामुळे कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. मेडिकलवाला ‘दोन्ही एकच ताई’ म्हणतो. एक नाहीत. दिवसाचं १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दोन-तीन वेळांत विभागून घ्यायचं, आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर. चहाबरोबर तर लोह घेऊच नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेणं बंद. विशेषतः गॅस्ट्रिक बायपास हे वजनाचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांना त्याने अल्सर होतो. तंबाखूचंही तेच. दारू लवकर आणि जास्त चढते, हे पुरुष वाचकांसाठी लिहिते, बायकांनी राग मानू नये. तरुण मुलींना १२ ते १८ महिने गरोदरपण लांबवायला सांगतात, ते ऐकावं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळतात. न्हाणीघराच्या जाळीवर केस पाहून मी रडले होते. झपाट्याने वजन उतरल्यावर बहुतेकांना होतं आणि प्रोटीन, लोह नीट असेल तर परत येतात. तेलांवर पैसे घालू नका.

आग्रहाचं काय करायचं, हा आपल्या समाजातला खास प्रश्न. लग्नाच्या पंगतीत ‘एक घास माझ्यासाठी’ म्हणणाऱ्या मामींना बीएमआय समजावत बसू नये. मी ताटात आधी मटकीची उसळ आणि दह्याची कोशिंबीर घेते, सावकाश चावत राहते, तोंड रिकामं दिसत नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. ताजी मऊ पोळी आणि भात गोळा होऊन अडकतात. शिळी भाकरी आमटीत कुस्करून जास्त बरी जाते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंचं बायपास झालं होतं. त्यांनी मे महिन्यात वाटीभर आमरस खाल्ला आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं.

उपासाबद्दल सासूबाईंशी माझी समजूत अशी झाली की संकष्टीला मी दूध, चक्का आणि थोडी दाण्याची आमटी घ्यायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत. निर्जळी एकादशी कायमची बंद. देवाला चालतं, त्याचं मी बघते, असं त्याच म्हणाल्या.

वर्षभराने भूक परत येते. त्या सुमारास चिवडा, बाकरवडी, चहात बुडवलेली बिस्किटं घरात शिरतात. हे पदार्थ तोंडातच विरघळतात, नळीत अडत नाहीत, पोट भरल्याची जाणीव होत नाही. दिवसभर थोडं थोडं चरत राहिलं की वजन परत चढतं. वाटीभर उसळ खाऊन बघा, तासाभरात दुसरं काही आठवत नाही.

रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि नंतर दर वर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन. वजन उतरलं, कपडे सैल झाले, लोक कौतुक करायला लागले की नेमकं इथेच ढिलं पडतं. ऑपरेशनला दोन-चार वर्षं झालेल्या आणि शेवटचा रिपोर्ट कधी काढला हे आठवत नसलेल्या वाचकांना एवढीच विनंती, की या आठवड्यात एक सकाळ काढून उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन या.