त्या तारेला हात लावू नकोस

नाशिकरोड

चि. बाळू,

तुझा फोन लागेना. खोलीत लाइट नाही तर चार्जिंग कुठून होणार, म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर अंबडला पाठवतोय. घरमालकाने लाइन तोडली ते माहीत होतं. काल कळलं की तू रात्री खांबावर आकडा टाकतोस. अरे, अख्खी नोकरी खांबावर काढलेल्या मामाचा भाचा तू! तुझ्या आईला अजून बोललो नाही.

पावसाचे दिवस, त्यात पत्र्याची खोली. पत्र्यात करंट उतरला तर हात लागेपर्यंत कळत नाही. वीज कायदा 2003, कलम 135 म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, ते निराळंच. पण मला कैदेपेक्षा त्या तारेची भीती वाटते.

मालक ना-हरकत देत नाही म्हणून मीटर मिळत नाही म्हणे. कोणी सांगितलं? कलम 43 प्रमाणे मालकाला जसा वीज मागायचा हक्क आहे, तसा जागेत राहणाऱ्यालाही आहे. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं, मालकाची ना-हरकत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. जागा भाडेकरूच्या ताब्यात आहे का, एवढंच बघायचं. भाडेपावत्या, करार घेऊन महावितरणकडे अर्ज कर आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. टाळाटाळ झाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. भाडेकरूची लाइट विनाकारण तोडायला मालकालाही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ची मनाई आहे. भाडं मात्र थकवू नकोस, नाहीतर तुझीच बाजू लंगडी पडेल.

तुझ्या वयात मीही मालकाच्या मर्जीवर राहिलो. त्याने फ्यूज काढून नेला की मी कंदील लावायचो. भांडता येतं हेच ठाऊक नव्हतं. डिप्लोमा तिथेच सुटला. मग वायरमन होऊन राग काढला म्हण. म्हणून तुझ्यावर ओरडतो रे.

आकडा काढायलाही तू जाऊ नकोस. रिक्षावाला परत आला की महावितरणच्या सेक्शनला कळवून लाइन बंद करायला लावतो आणि त्यांच्याच माणसाबरोबर येतो. तोवर खांबाकडे फिरकू नकोस. मामीने चार्जिंगचा दिवा आणि डब्यात पिठलं-भाकरी दिलीय. मीटर लागेपर्यंत इकडेच का येत नाहीस? वरची खोली तिने सकाळीच झाडून ठेवलीय.

तुझा,
मामा