बत्तीस क्रमांकांचा हिशेब

मारेगांवचा रस्ता एका अंगास वणीकडे व दुसऱ्या अंगास करंजीकडे जातो. गड्यास आधीं वणीचें, मग करंजीचें आणि पुन्हा वणीचें काम सांगावयाचें आहे. तो परत येईपर्यंत पुढचें काम सांगितलेंच नाहीं, तर वणीस त्याच्या दोन खेपा होणार. तिन्ही कामें एकदम सांगितलीं, तर वणीचीं दोन्ही तो एकाच खेपेंत उरकील. संगणकांतील हार्ड डिस्कची गोष्ट अशीच आहे.

मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें. डिस्कशीं व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. साधा ड्रायव्हर एक आज्ञा देतो व उत्तर येईपर्यंत दुसरी देत नाहीं. साटा डिस्कच्या एन.सी.क्यू. पद्धतींत मात्र ३२ आज्ञा एकाच वेळीं डिस्कपाशीं राहूं शकतात. तबकडी या क्षणीं कोठें आहे हें डिस्कलाच ठाऊक असल्यामुळें सोयीचा क्रम ती स्वतः लावते.

परंतु गड्यास मोकळीक दिली कीं धन्याचा हिशेब वाढतो. उत्तरें दिलेल्या क्रमानें येत नाहींत. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक आज्ञेस ० ते ३१ पैकीं एक क्रमांक देतो व ती कोणाची हें टिपून ठेवतो. काम संपल्याचा इशारा आला कीं क्रमांक पाहून ज्याचें त्यास कळवितो, आणि मगच तो क्रमांक मोकळा करतो. उत्तरापूर्वींच तो दुसऱ्यास दिला, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पदरांत पडेल. सर्व क्रमांक गुंतले असतां नव्या आज्ञेनें थांबलें पाहिजे. एका आज्ञेंत दोष निघाला, तर डिस्क बाकीच्या अपुऱ्या आज्ञाहि सोडून देते. तेव्हां कोणती बिघडली हें डिस्कच्या नोंदींतून वाचून उरलेल्या पुन्हा देणें हें ड्रायव्हरचेंच काम होय.

याहून मोठा धोका निराळाच आहे. पुष्कळ डिस्का मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतींत पडतांच “लिहिलें” असें उत्तर देतात. वीज गेली कीं तो मजकूर नाहींसा होतो. आपल्या भागांत वीज जाणें कांहीं नवल नव्हे. बँकेच्या खातेवहींत आधीं नोंद व मग शिल्लक असा क्रम हवा असेल, तर नोंदीचें उत्तर येऊं द्यावें, स्मृति तबकडीवर उतरविण्याची आज्ञा द्यावी, तिचेंहि उत्तर घ्यावें, आणि मगच शिल्लक लिहावी. येथें घाई केली तर कोणाचे तरी पैसे बुडाल्यासारखे दिसतील.

इ. स. २०११ मध्यें निघालेल्या एन.व्ही.एम.ई. नियमांत ६५,५३५ पर्यंत रांगा ठेवतां येतात. तरी हिशेबाची रीत मुळांत हीच. विद्यार्थ्यांनीं चार क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून हा व्यवहार वर्गांत करून पाहावा, असें आम्ही सुचवितों. एक चिठ्ठी लवकर परत घेतली कीं घोटाळा कोठें होतो, तें आपोआप कळेल.