रात्रीच्या वाटेला बॅटरी : घेताना काय बघाल?

ताईंनो, पावसाळ्यात लाईट गेली तरी गोठ्यात, खाचराच्या बांधावर जावंच लागतं. मण्यार, घोणस रात्रीच जास्त फिरतात. मोबाईलच्या उजेडावर भागवलं तर त्याचं चार्जिंग संपतं आणि ऐन गरजेला फोन लागत नाही. म्हणून छोटी बॅटरी वेगळीच हवी. कमी पैशात चांगली कशी निवडायची?

१. उजेड : खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. पायवाटेला १०० ते २०० ल्युमेन पुष्कळ झाले. लांब झोतापेक्षा पायापुढे पसरणारा उजेड कामाचा.

२. चार्जिंग : मोबाईलच्याच वायरने होणारी घ्या. आतला सेल बदलता येतो का, ते विचारा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा.

३. पाऊस : 'आयपीएक्स ४' लिहिलं असेल तर शिंतोडे सोसते. 'आयपीएक्स ७' असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते.

४. खरेदी : दुकानातच लावून बघा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या.

गटात सगळ्यांना घ्यायच्या असतील तर आधी एकच आणा, आठवडाभर वापरा, मग बैठकीत ठरवा.

आणि साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.