वीज कशातून वाहते?

आपण प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासू आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरू. कपटे उडून कंगव्याला चिकटतात. घासल्याने कंगव्यावर वीज आली. प्लास्टिकमधून ती वाहत नाही, म्हणून तेथेच राहिली.

लोखंडी पळी अशी घासली तर वीज टिकत नाही. ती पळीतून हातात आणि हातातून जमिनीत जाते. हा भेद १७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे यांनी ओळखला.

धातू, ओल आणि आपले अंग विजेला वाट देतात. रबर, काच, सुके लाकूड तिला अडवतात. लाकूड भिजले की तेही वाट देते.

म्हणून विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आपणही चिकटू. आधी मेन स्विच बंद करावा. शेतात तार तुटून पडली, तर काठी घेऊनही जवळ जाऊ नये. लांबूनच इतरांना अडवावे, वीज कचेरीला कळवावे.