मद्याची हानी कोणाच्या पदरात पडते?



मद्यासंबंधी पवित्र कुरआनचे मार्गदर्शन एकाएकी नव्हे, तर टप्प्याटप्प्याने अवतरले. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही. मात्र त्यांतील पाप त्या लाभाहून मोठे असल्याचे स्पष्ट केले आहे. पुढे सूरह अन-निसाच्या ४३ व्या आयतीने नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली आणि अखेर सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींनी मद्य पूर्णतः निषिद्ध ठरविले. हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आज त्यातील पहिल्या टप्प्यावर थोडे थांबून विचार करू या. लाभ आणि हानी यांचा जो तराजू तेथे आपल्यासमोर ठेवला आहे, त्याची दोन्ही पारडी एकाच घरात असतात काय?

आकड्यांची साक्ष

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख माणसे मद्यामुळे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे २० लाख पुरुष आणि ६ लाख स्त्रिया होत्या. यकृताचे विकार, कर्करोग, हृदयरोग, अपघात, हिंसाचार व आत्महत्या अशा अनेक वाटांनी हा मृत्यू येतो.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. तेथील शासकीय आरोग्य यंत्रणेच्या अभ्यासानुसार २०१६-१७ मध्ये अतिमद्यपानामुळे वर्षाला सरासरी सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू होत असत. २०२०-२१ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ७८ हजारांवर गेली. या काळात पुरुषांच्या मृत्यूंत सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांच्या मृत्यूंत सुमारे ३५ टक्के वाढ झाली. एकूण संख्या आजही पुरुषांचीच अधिक आहे; परंतु या काळात वाढीचा वेग स्त्रियांमध्ये जास्त होता. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील मद्यांश अधिक वाढतो आणि यकृताची हानी लवकर होते. मद्यपानाला स्वातंत्र्याचे व बरोबरीचे चिन्ह म्हणून मिरविणाऱ्या जाहिराती ही गोष्ट कधीच सांगत नाहीत. त्याच देशात मद्यामुळे मरण्याचे प्रमाण सर्वाधिक आहे ते आपल्या भूमीवरून हुसकावल्या गेलेल्या मूळ रहिवाशांच्या वंशजांमध्ये.

स्कॉटलंडमध्ये २०२३ साली केवळ मद्यजन्य कारणांनी १,२७७ मृत्यू नोंदले गेले. सर्वांत वंचित वस्त्यांतील मृत्यूचे प्रमाण सर्वांत संपन्न वस्त्यांच्या सुमारे साडेचार पट होते. गरीब माणूस श्रीमंतापेक्षा अधिक पितो म्हणून असे घडते, असा आपला समज होईल. परंतु ब्रिटनमधील अभ्यासकांना आढळले की, सरासरी मद्यपान सारखे किंवा कमी असूनही गरिबाची हानी अधिक होते. अपुरा आहार, धूम्रपान, एकाच बैठकीत भरपूर पिणे आणि उपचारास विलंब, ही त्याची काही कारणे आहेत. पेला तोच, पण तो गरिबाच्या हाती अधिक घातक ठरतो. तेथील शासनाने १ मे २०१८ पासून मद्याची किमान किंमत कायद्याने ठरविली. त्यानंतर असे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी घटले आणि ही घट मुख्यत्वे वंचित वस्त्यांतच दिसली.

आपल्या महाराष्ट्रातही वेगळे चित्र नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तिच्यात मिथेनॉल होते. हे रसायन आधी दृष्टी हिरावते आणि मग प्राण. बळी पडले ते झोपडपट्टीत राहणारे, हातावर पोट असलेले लोक.

आता तराजूकडे पुन्हा पाहा. लाभ होतो तो उत्पादकाला, विक्रेत्याला आणि महसुलाच्या रूपाने तिजोरीला. हानी पडते ती मजुराच्या, विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या पदरात. म्हणूनच हदीसमध्ये मद्यासंबंधी केवळ पिणाऱ्याचा नव्हे, तर ते गाळणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्याची किंमत खाणाऱ्या अशा दहा जणांचा धिक्कार केला आहे.

आपले कर्तव्य

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. "आमच्या समाजात हा प्रश्नच नाही," असे म्हणून आपण निश्चिंत होतो. मुस्लिम समाजात मद्यपानाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, हे खरे. पण ते शून्य नाही. जेथे व्यसन ही केवळ बदनामीची बाब मानली जाते, तेथे ते लपविले जाते. पत्नी कोणाजवळ बोलत नाही, आई शेजाऱ्यांपासून दडविते आणि रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा यकृत निकामी झालेले असते.

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला उपस्थितांपैकी कोणीतरी शाप दिला. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यास रोखले आणि तो माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा असल्याची ग्वाही दिली. शिक्षा माफ झाली नाही, कृत्य योग्य ठरले नाही. परंतु माणसाला समाजाबाहेर ढकलले गेले नाही. कृत्याचा निषेध आणि माणसाचा निषेध यांतील हा भेद आपण विसरलो आहोत काय?

एक व्यावहारिक सूचनाही लक्षात ठेवावी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक कोंडून ठेवून दारू सोडविण्याचा प्रयत्न करू नये. अशा वेळी कंप, झटके व भ्रम उद्भवून जीवही जाऊ शकतो. दारू सोडायलाच हवी, पण वैद्यकीय देखरेखीखाली. त्याला शासकीय रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे, सोबत कोणीतरी थांबावे आणि परतल्यावर मशिदीच्या सफेत त्याला आपल्या शेजारी जागा द्यावी.

मद्य निषिद्ध आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या गल्लीतील कोणते घर आज त्याची हानी मुकाट्याने सोसत आहे, हे शोधणे आता आपले काम आहे. अल्लाह आपणा सर्वांना त्या घराचे दार ठोठावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.