दफ्तर सर्वांचे, घर ज्याचे त्याचे

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आपले खंडाळा गाव. इथे पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. गाव वाढले, तसे दफ्तरही वाढले. घरपट्टीची वही, नळांची यादी, जन्ममृत्यूची नोंद, घरकुलाचे अर्ज, रस्त्यांची बिले असे किती तरी कागद दफ्तरात असतात.

हे कागद दोन तऱ्हेचे. काही गावाच्या कामाचे, तर काही आपल्या घरचे. गावाच्या कामाचा कागद पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. घरचा कागद कोणीही उठून पाहावा, असे मात्र नाही. हा फरक ज्याला कळला, त्याला निम्मा कायदा कळला.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातल्या मावशींनी घरकुलासाठी अर्ज केला. दोन वर्षे झाली, घर काही मिळाले नाही. शेजारच्या आळीत मात्र घरे उभी राहिली. मावशी कचेरीत गेल्या.

"साहेब, माझं नाव का नाही आलं?"

"मावशी, यादी वरून आली. आमच्या हातात काही नाही."

मावशी हात हलवीत परत आल्या. तोंडी विचारले, तोंडी उत्तर मिळाले. तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते. कागदावर विचारले, तर कागदावर उत्तर द्यावे लागते.

असा कायदाच आहे. त्याचे नाव माहितीचा अधिकार. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात लागू झाला. प्रत्येक कचेरीत एक जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. त्याच्या नावे अर्ज करायचा. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. दाखला मात्र जोडावा. अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. माहिती कशाला हवी, हे सांगण्याची सक्ती नाही.

अर्ज एकाच विषयाचा असावा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. "असे का केले?" असे विचारू नका. ज्या कागदावर ते लिहिले आहे, तो कागद मागा. मावशींनी असे लिहावे :

"माझ्या घरकुलाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, त्या कागदांच्या नकला द्याव्यात. अर्ज नामंजूर झाला असल्यास, कारण नोंदवलेल्या कागदाची नक्कल द्यावी. माझ्या वॉर्डात किती घरकुले मंजूर झाली, निवड कोणत्या नियमाने झाली व किती रक्कम दिली, त्या कागदांच्या नकला द्याव्यात."

आता मावशींचा पुतण्या रागाने म्हणतो, "काकी, ज्यांना घरं मिळाली त्या सगळ्यांची आधार कार्डं आणि पासबुकं मागू. लबाडी बाहेर पडेल!"

पुतण्याचा राग खरा आहे, पण वाट चुकीची आहे. आज मावशींनी दुसऱ्याचे पासबुक मागितले, तर उद्या दुसरा मावशींचे मागेल. त्यांच्या अर्जातही आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर आहे. हे लबाडाच्या हाती पडले तर? तो फोन करील, "बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा." मावशी भोळेपणाने सांगतील आणि खाते रिकामे होईल. घराच्या दाराला आपण कडी लावतो. ह्या कागदांनाही कडी हवी.

ही कडी कायद्यात आहे. आपली खाजगी बाब जपणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितले. २०२३ साली लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी नवा कायदा झाला. त्या कायद्याने माहितीच्या अधिकारातले एक कलमही बदलले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता "ही वैयक्तिक माहिती आहे" असे सांगून अधिकारी पूर्वीपेक्षा सहज नकार देऊ शकतो.

इथेच जपायला हवे. घराचा पडदा घरालाच शोभतो. कचेरीतली चूक झाकायला तो वापरला, तर गरिबाचे नुकसान होते. नकार मिळाला म्हणून गप्प बसू नये. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. अनुदान कोणाला व किती दिले, हे कचेरीने न विचारताच जाहीर करावे, असे कलम ४ सांगते.

२. एका कागदावर थोडे खाजगी व बाकीचे उघडे असेल, तर खाजगी तेवढे झाकून बाकीचे द्यावे, असे कलम १० सांगते. आधार क्रमांकावर काळी रेघ मारावी. सारा कागद अडवू नये.

३. झाकण्यापेक्षा उघड करण्यात लोकांचे हित जास्त असेल, तर माहिती देता येते, असे कलम ८ च्या पोटकलम २ मध्ये आहे. ते हित कोणते, हे अपिलात स्पष्ट लिहावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. तिथेही निभाव लागला नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. प्रत्येक अपिलाला वीस रुपयांचे तिकीट लागते. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. म्हणून अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.

ज्याला लिहिता येत नाही, त्याला अर्ज लिहायला अधिकाऱ्याने मदत करावी, असेही कायदा सांगतो. पण मंडळी, आता आपल्याला लिहिता येते! आपल्याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ माणसे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. ती अक्षरे अंगठ्याऐवजी सही करण्यापुरतीच नाहीत. सही करण्याआधी कागद वाचावा आणि वाचून प्रश्न विचारावा, ह्यासाठी ती आहेत.

गावाच्या कामाचा हिशेब मागताना भिऊ नये. शेजाऱ्याच्या घरात मात्र डोकावू नये.

प्रश्न
१. दफ्तरातले कागद कोणत्या दोन तऱ्हेचे असतात?
२. मावशींनी कोणते कागद मागावेत? कोणते मागू नयेत? का?
३. तुमच्या वस्तीतल्या गटाराच्या कामाची माहिती हवी आहे. पाच ओळींचा अर्ज लिहा.